केंद्राजवळचा रेणवीय वायू आणि रुंद रेषांचा घोळ

आकाशगंगेत सगळ्यात जास्त असलेला रेणू हायड्रोजनचा, आणि रेडिओ दुर्बिणीला नेमका तोच दिसत नाही. दोन सारखे अणू, विद्युतभाराची विभागणी अगदी समसमान, त्यामुळे रेणू कितीही गरगरला तरी रेडिओ लहरी निघत नाहीत. त्याची सगळ्यात खालची रेषा २८ मायक्रॉनला, म्हणजे अवरक्तात, आणि ती पेटायला रेणूला ५१० केल्व्हिन उंचीच्या पातळीवर चढावे लागते. १०-२० केल्व्हिनवर गारठलेल्या ढगात हे घडत नाही. म्हणून त्याच्या सोबत राहणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडकडे पाहायचे. हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे याचा एक. पण त्याची ११५.२७१ गिगाहर्ट्झची, म्हणजे २.६ मिलिमीटरची रेषा पेटायला साडेपाच केल्व्हिन पुरतात. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी किट पीकच्या ११ मीटर दुर्बिणीने ती पहिल्यांदा पकडली. थंड वायूचा बहुतेक हिशेब तेव्हापासून याच रेषेवर चालतो.

आकाशगंगेच्या तबकडीत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. केंद्राजवळ तो जागोजागी फसतो, आणि खणत गेले की बहुतेक वेळा कारण एकच निघते: रेषांची रुंदी. वायू आपल्याकडे येतो किंवा लांब जातो तशी त्याच्या रेषेची वारंवारता सरकते, म्हणून रुंदी वेगातच मोजतात. तबकडीतल्या साध्या ढगाची रेषा सेकंदाला दोन-पाच किलोमीटर रुंद असते. केंद्राजवळच्या एकाच ढगाची २०-३०, आणि अख्ख्या भागाची मिळून उणे २५० पासून अधिक २५० पर्यंत. सोलापुरात बसून, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी किंवा निव्वळ हौसेने, या वायूवर काम करायचे तर काय जमते, काय जमत नाही आणि आकडे कुठे दगा देतात, ते इथे मांडतो.

आपल्या आकाशात केंद्र कुठे

आकाशगंगेच्या केंद्रातले महाकाय कृष्णविवर म्हणजे सॅजिटेरियस ए-स्टार. त्याचे विषुवांश (आकाशातला रेखांश) १७ तास ४५ मिनिटे ४० सेकंद, क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे २९ अंश. डोळ्यांनी शोधायचे तर मूळ नक्षत्र धरा आणि तिथून उत्तरेला, जरा पूर्वेकडे झुकत, साडेआठ अंश जा. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, त्यामुळे मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येताना केंद्र दक्षिणेला ४३ अंशांवर असते. शहरातल्या कुठल्याही गच्चीवरून विजापूर रोडची दिशा. १५ मेच्या सुमारास ही वेळ पहाटे २:४० ची, १८ जूनला रात्री साडेबाराच्या आत-बाहेर, १५ ऑगस्टला रात्री ८:३५ ची. रोज चार मिनिटे अलीकडे.

केंद्र क्षितिजावर एकूण १० तास ४० मिनिटे असते, पण कामाची वेळ २० अंशांच्या वरची, म्हणजे ७ तास १० मिनिटे. त्याखाली वातावरणाची जाडी डोक्यावरच्यापेक्षा जवळपास तिप्पट होते आणि तापलेल्या जमिनीचे ३०० केल्व्हिन अँटेनाच्या कडेने आत शिरतात.

४३ अंश ही चैन आहे, हे लक्षात ठेवा. स्पेनमधल्या ३० मीटर दुर्बिणीला केंद्र जेमतेम २४ अंशांवर मिळते, जपानच्या नोबेयामाला २५, जर्मनीच्या एफेल्सबर्गला साडेदहा. चिलीतल्या अल्मा या अँटेनासमूहाला मात्र ८४.

डिसेंबर सोडून द्या. १८ डिसेंबरच्या सुमारास सूर्य केंद्रापासून साडेपाच अंशांवर येतो, आणि छोट्या अँटेनाच्या बीममध्ये, म्हणजे तिला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यात, तो सरळ बसतो.

गच्चीवरून काय मिळते

गच्चीवर रेणू मिळत नाहीत, अणू मिळतात. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून केलेला कर्णा, तोंड साधारण ७५ बाय ६० सेंटिमीटर, आत ५.३ सेंटिमीटरची तार, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या पाव तरंगलांबीची. लगेच मागे फिल्टरसकट कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर. आणि आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. हायड्रोजन अणूची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा यावर काही मिनिटांत उठते. ॲम्प्लिफायर कर्ण्यालाच जोडा. मध्ये पाच मीटर साधी केबल टाकली की गोंगाट तिथेच वाढतो आणि पुढचा कितीही महाग ॲम्प्लिफायर तो कमी करू शकत नाही.

पण ही रेषा पाहून ‘केंद्राचा वायू मोजला’ असे कुणी लिहिले तर ते खरे धरू नका. अशा कर्ण्याचा बीम २० अंशांचा असतो. केंद्राजवळचा रेणवीय पट्टा साडेतीन अंश लांब, अर्धा अंश जाड. क्षेत्रफळाने तो बीमचा अडीचशेवा भाग भरतो. बाकी सगळा सिग्नल मधल्या २६ हजार प्रकाशवर्षांतला. शिवाय केंद्राच्या अगदी सरळ दिशेत, वायू गोल कक्षेत फिरत असेल तर त्याचा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग शून्य असतो, म्हणून जवळचा-लांबचा सगळा वायू शून्याभोवती एकावर एक चढतो.

रुंदीचा पहिला फटका इथेच बसतो. १४२० मेगाहर्ट्झला सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ. ५०० किलोमीटरचा पसारा म्हणजे २.३७ मेगाहर्ट्झ. डोंगल २.४ मेगाहर्ट्झवर चालवला तर कागदावर तो मावतो, पण दोन्ही कडांचा दहा-दहा टक्के भाग फिल्टरमुळे खाली बसतो आणि हाती ४०० किलोमीटर उरतात. मध्य वारंवारता एकदा ०.६ मेगाहर्ट्झने वर, एकदा तितकीच खाली सरकवून दोन तुकडे घ्यावेत आणि जोडावेत.

डोंगलमध्ये वारंवारता ठरवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक दशलक्षात ३० पर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला ९ किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, तोवर क्रिस्टलही सरकत राहतो. तापमान सांभाळणाऱ्या क्रिस्टलचा डोंगल घ्या, तो अर्धा तास चालू ठेवून मगच नोंद सुरू करा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर ही शहरातली खरी डोकेदुखी; वर्णपटात सुईसारखी अरुंद रेघ दिसली आणि ती महिनोन्महिने एकाच वारंवारतेला राहिली, तर ती आकाशातली नव्हे.

आकाशातली रेघ का सरकते? पृथ्वी सूर्याभोवती ३० किलोमीटरने पळते, आणि केंद्र क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासून, फक्त साडेपाच अंश दूर आहे, म्हणून हा वेग जवळपास पूर्णच्या पूर्ण आपल्या मापात मिसळतो. मार्चच्या मध्यात आपण केंद्राकडे धावत असतो, सप्टेंबरच्या मध्यात पाठ फिरवून. सूर्याची स्वतःची चालही साधारण १० किलोमीटरने केंद्राकडे आहे. हे सगळे वजा करून जो वेग उरतो त्याला स्थानिक प्रमाण वेग म्हणतात. पुढचे सगळे वेग त्याच पट्टीवरचे, सेकंदाला किलोमीटरमध्ये.

मिलिमीटर लहरी इथून का नाहीत

कार्बन मोनॉक्साइडची रेषा ११५ ला, ऑक्सिजनची शोषणरेषा ११८.७५ गिगाहर्ट्झला. हवा कितीही कोरडी असो, ऑक्सिजन तिथेच असतो. त्यावर उपाय उंचीचा. पाण्याची वाफ त्यात भर घालते, आणि पावसाळ्यात, म्हणजे केंद्र रात्री सोयीच्या वेळी असते तेव्हाच, ती सगळ्यात जास्त. म्हणून अल्मा ५,००० मीटरवर वाळवंटात बांधली.

आपल्याकडची मोठी दुर्बीण, खोडदची जीएमआरटी, सोलापूरपासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर. पण ती मीटर लहरींची. तिचा सगळ्यात वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झला संपतो. हायड्रोजन अणू तिच्या हद्दीत येतो, हायड्रॉक्सिलच्या १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या रेषा येत नाहीत. तेव्हा रेणूंसाठी मार्ग एकच: दुसऱ्यांनी घेतलेला, सगळ्यांना खुला असलेला डेटा आणि आपला लॅपटॉप. याला कुणी कमीपणा मानू नये. या भागातले बरेचसे चांगले काम जुन्या नकाशांवर नव्याने बसूनच झाले आहे.

सुरुवात डेम, हार्टमन आणि थॅडियस यांच्या २००१ च्या सर्वेक्षणाने करा. १.२ मीटरच्या दोन जुळ्या दुर्बिणी, एक अमेरिकेत केंब्रिजला, एक चिलीत. बीम साडेआठ कलांचा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा म्हणजे विकला). केंद्राचे अंतर ८.२ किलोपार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे) धरले तर १ अंश म्हणजे १४३ पार्सेक, १ कला म्हणजे २.४, त्यामुळे हा बीम २० पार्सेकचा. वेगळे ढग ओळखायला जाड, पण फाइल लहान आणि स्वच्छ. ती हाताखालून गेली की ऑस्ट्रेलियातल्या २२ मीटर मोप्राचे ३ मिलिमीटरचे नकाशे घ्या. बीम सुमारे ४० विकला, म्हणजे दीड पार्सेक, आणि त्यात हायड्रोजन सायनाइड, सिलिकॉन मोनॉक्साइड असे एकदम बरेच रेणू. अल्मा सगळ्यात शेवटी.

क्यूब उघडल्यावर

डेटा क्यूब म्हणजे सोलापुरी चादरींची थप्पी समजा. प्रत्येक चादर एका वेगाची, तिच्यावरची नक्षी म्हणजे त्या वेगाने चाललेल्या वायूचा नकाशा. थप्पी वरून दाबून एकच चादर केली की एकूण तीव्रतेचा नकाशा. थप्पी उभी कापून कडेने पाहिली की रेखांश-वेग आकृती. केंद्रासाठी दुसरी जास्त कामाची.

पायथन, ॲस्ट्रोपाय आणि स्पेक्ट्रल-क्यूब एवढे पुरते. नुसते पाहायला कार्टा हा प्रोग्राम उत्तम. आधी हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची माहिती, वाचा, मग आकडे. चार गोष्टी तपासायच्या.

अक्षांचा क्रम: डेमच्या फाइलींत पहिला अक्ष वेगाचा असतो, मग रेखांश, मग अक्षांश. बहुतेक फाइलींत वेग शेवटी असतो, म्हणून दुसऱ्याचा प्रोग्राम जसाच्या तसा लावला की चित्र येते, पण भलतेच.

वेगाचे एकक: रकाना रिकामा असेल तर लायब्ररी ते मीटर प्रति सेकंद धरते, आणि २०० किलोमीटरचा ढग २०० मीटरचा होतो.

तापमान कोणते (रेडिओत सिग्नलची तीव्रता केल्व्हिनमध्ये मोजतात): अँटेनाचे की मुख्य बीमचे. मोप्राची मुख्य बीमची कार्यक्षमता ८६ गिगाहर्ट्झला ०.४९ आहे, म्हणजे अँटेना तापमान दिले असेल तर ते दुप्पट करायचे. हा दोनचा गुणक पुढे वस्तुमानात जसाच्या तसा उतरतो आणि नंतर कुणाला सापडत नाही.

चौथी गोष्ट फक्त केंद्रालाच लागू. दीर्घिकीय रेखांश, म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्यावर केंद्रापासून मोजलेला कोन, तिथे ३५९ वरून ० वर जातो. सॅजिटेरियस ए-स्टार स्वतः ३५९.९४ वर, त्याच्याजवळचा मोठा ढग सॅजिटेरियस बी-२ मात्र ०.६७ वर. ० ते ३६० असा अक्ष ठेवला की नकाशा बरोबर मधोमध फाटतो आणि सरासरी काढली तर उत्तर १८० अंशांच्या आसपास, म्हणजे केंद्राच्या बरोबर उलट दिशेला! रेखांश आधी उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणा.

मग गोंगाट मोजा. रेषा नसलेली टोकाची चॅनल घ्या आणि प्रमाण विचलन काढा. डेमच्या डेटाची एक आवृत्ती गोंगाटाखालचे आकडे शून्य करून दिलेली असते. तीवर गोंगाट मोजला तर तो अर्थातच शून्य येतो. तुलनेला सूत्र: प्रणालीचे तापमान (रिसीव्हर आणि वातावरण यांचा मिळून गोंगाट) भागिले, चॅनलची रुंदी गुणिले वेळ यांचे वर्गमूळ. २५० केल्व्हिन, १ किलोमीटरचे चॅनल (११५ गिगाहर्ट्झला ३८४ किलोहर्ट्झ) आणि ६० सेकंद घेतले तर ०.०५ केल्व्हिन, तितकाच वेळ रिकाम्या आकाशावर घालवून ते वजा केले तर ०.०७. तुमचा आकडा याच्या दुप्पट आला तर बेसलाइन, म्हणजे वर्णपटाची रेषांखालची शून्याची पातळी, वाकडी आहे.

बेसलाइनवर थोडे थांबू. रिसीव्हर आणि वरचा दुय्यम आरसा यांच्यात लहरी पुढे-मागे आपटतात आणि वर्णपटात लाटा उमटतात. हे अंतर १० मीटर असेल तर लाटेची लांबी १५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ११५ गिगाहर्ट्झला ३९ किलोमीटर प्रति सेकंद. तबकडीतल्या अरुंद रेषांसमोर ही लाट लगेच ओळखू येते. केंद्राजवळ ती खऱ्या ढगाच्या रेषेइतकीच रुंद, म्हणून ढग म्हणून खपते. आणि लाट काढायला पाचव्या-सातव्या घाताची बहुपदी बसवली की ती लाटेबरोबर रेषेचे रुंद पंखही खाऊन टाकते. सरळ रेषाच वजा करा. त्याने भागले नाही तर तो वर्णपट टाकून द्या.

दुसरी अडचण रिकाम्या आकाशाची. वारंवारता सरकवून वजाबाकी करण्याची सोपी पद्धत इथे चालत नाही, कारण ५०० किलोमीटर म्हणजे १९२ मेगाहर्ट्झ. तेवढे सरकवले की बेसलाइन राहत नाही. म्हणून अँटेनाच बाजूला वळवून रिकामी जागा पाहतात, आणि केंद्राच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड नसलेली जागा शोधायला पट्ट्यापासून बरेच दूर जावे लागते. जागा पूर्ण रिकामी नसेल तर तिचा वायू सगळ्या नकाशातून वजा होतो आणि ठरावीक वेगाला प्रत्येक वर्णपटात खड्डा पडतो.

घोळ असा, की खरे खड्डेही ठरावीक वेगालाच असतात. आपल्या आणि केंद्राच्या मधल्या सर्पिल भुजांतला थंड वायू मागचा तेजस्वी प्रकाश शोषतो: शून्याजवळ, उणे ५ ला, उणे ३० ला आणि उणे ५३ ला. शेवटचा तीन-किलोपार्सेक भुजेचा, जी १९५० च्या दशकात हायड्रोजन अणूच्या रेषेत आधी सापडली. दोन्हींतला फरक ओळखायचा तर केंद्राचा तेजस्वी वायू नसलेल्या कडेच्या भागात जा. खऱ्या भुजा तिथे उत्सर्जनात, म्हणजे शून्याच्या वर दिसतात. दूषित वजाबाकी शून्याच्या खाली जाते. हा पाच मिनिटांचा तपास आहे आणि तो न करता या खड्ड्यांना ‘ढगांमधल्या पोकळ्या’ म्हणणे धोक्याचे.

आकृतीत काय शोधायचे

अक्षांशाच्या अर्ध्या अंशापर्यंत बेरीज करून रेखांश-वेग आकृती काढली की आडव्या बारीक रेघा दिसतात, त्या वरच्या भुजा. त्यांच्या मागे उणे १ पासून साधारण अधिक दीड अंशापर्यंत तिरका चौकोन, वेग दोन्हीकडे २०० च्या आसपास. १९७२ मध्ये याचा अर्थ प्रसरण पावणारे कडे असा लावला गेला होता. १९९१ मध्ये बिनी, गेरहार्ड, स्टार्क, बॅली आणि उचिदा यांनी दाखवले, की स्फोटाची गरज नाही. आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा आहे, आणि त्याच्या ओढीत लंबगोल कक्षांतून फिरणारा वायू हाच आकार देतो. केंद्राच्या सरळ दिशेत शून्याखेरीज वेग दिसतात, त्याचेही कारण हेच.

चौकोनाच्या आत दाट वायू. सॅजिटेरियस बी-२ अधिक ६२ च्या आसपास, सॅजिटेरियस सी उणे ५५ ला, आणि केंद्राला चिकटून दोन ढग, ज्यांची नावेच त्यांच्या वेगावरून पडली आहेत: २० किलोमीटरचा आणि ५० किलोमीटरचा. डावी-उजवी बाजू सारखी नाही, हे लगेच डोळ्यांत भरते. साधारण तीन चतुर्थांश दाट वायू धन रेखांशाकडे आहे. आकृती उलटी छापली गेली आहे का हे तपासायलाही हा असमतोल उपयोगी पडतो.

सरासरी वेगाचा रंगीत नकाशा काढू नका. तबकडीत तो देखणा आणि खरा असतो. इथे एकाच रेषेत तीन-चार ढग मागे-पुढे असतात. एक उणे १०० ला, दुसरा अधिक ६० ला, तर सरासरी उणे २०, जिथे काहीच नाही. प्रत्येक वर्णपटात गाऊसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचे, वक्र बसवून घटक वेगळे करा. स्काऊस हे साधन याच कामासाठी आहे. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

वस्तुमान

तबकडीतली रीत: एकूण तीव्रता गुणिले २ × १०²⁰, की चौरस सेंटिमीटरमागे हायड्रोजनचे रेणू. हेलियम धरून हेच चौरस पार्सेकमागे ४.३६ सौर वस्तुमान. समजा, डेमच्या एका बीममध्ये तीव्रता १,००० केल्व्हिन-किलोमीटर आहे. बीमचे क्षेत्रफळ १.१३ गुणिले २० चा वर्ग, म्हणजे ४५३ चौरस पार्सेक. उत्तर: २० लाख सूर्य.

आणि हे उत्तर चुकीचे आहे. तबकडीतला गुणक एका गृहीतावर उभा आहे, की ढग स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेला आहे आणि रेषेची रुंदी त्या गुरुत्वाची साक्ष देते. केंद्राजवळ रुंदी येते ती दांड्याची ओढ, कक्षांमधली घसट आणि खळबळ यांतून. कार्बन मोनॉक्साइडची रेषा अपारदर्शक असते. तिची रुंदी वाढली की तेवढ्याच वायूतून जास्त प्रकाश निसटतो. त्यात वायू गरम, म्हणून आणखी उजळ. सर्पिल दीर्घिकांच्या केंद्रांसाठी हा गुणक तीन ते दहा पटींनी कमी धरतात. चौपट कमी धरला तर वरचे उत्तर २० लाखांवरून ५ लाखांवर येते. संपूर्ण मध्य पट्ट्यासाठी सध्या मान्य असलेला आकडा ३ ते ५ कोटी सूर्यांचा. तुमची बेरीज १५ कोटी आली तर गुणक तबकडीचाच राहिला आहे.

पडताळा कार्बन-१३ वाल्या रेणूच्या ११०.२०१ गिगाहर्ट्झच्या रेषेने घ्यावा, ती कमी अपारदर्शक. तिथेही सवयीचा आकडा वापरू नये. सूर्याच्या शेजारी कार्बन-१२ आणि १३ चे गुणोत्तर ६०-७०. केंद्राजवळ २०-२५, कारण ताऱ्यांच्या पिढ्यांनी तिथे कार्बन-१३ जास्त शिजवला आहे. ६० धरले तर वस्तुमान पुन्हा तिप्पट.

तापमान

यासाठी अमोनिया. १९६८ मध्ये टाउन्स आणि सहकाऱ्यांनी हॅट क्रीकच्या ६ मीटर अँटेनाने तो सापडवला तोच मुळी केंद्राच्या दिशेने, सॅजिटेरियस बी-२ मध्ये. पहिली रेषा २३.६९४ गिगाहर्ट्झला, दुसरी २३.७२३ ला, दोन्हींच्या गुणोत्तरातून तापमान. तबकडीत पहिल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ७.७ आणि १९.५ किलोमीटरवर छोट्या उपरेषा सुट्या दिसतात आणि त्यांवरून अपारदर्शकता थेट मिळते. केंद्राजवळ रेषा २० किलोमीटर रुंद, म्हणून पाचही मिसळून एकच टेकडी होते. प्रोग्राम तरीही आकडा देतो. त्या आकड्यासोबतची त्रुटी पाहा. ती आकड्याएवढीच मोठी असेल.

शिवाय पहिल्या दोन रेषांचे गुणोत्तर ३०-४० केल्व्हिनच्या वर बोथट होते, आणि इथला वायू ५० ते १०० च्या घरात. चौथी-पाचवी रेषा घ्या. तिसरी, २३.८७० ची, उजळ असते म्हणून मोह होतो, पण ती रेणूच्या दुसऱ्या फिरकी-जातीची. पहिल्या दोघींच्या हिशेबात थेट मिसळता येत नाही. फॉर्मल्डिहाइडच्या २१८ गिगाहर्ट्झच्या तीन रेषा जास्त भरवशाच्या, त्या शेजारी-शेजारी असल्याने एकाच वेळी, एकाच बीममध्ये मिळतात आणि कॅलिब्रेशनची चूक परस्पर कटते.

धुळीचे तापमान २० केल्व्हिनच्या आसपास आणि वायूचे ६० च्या वर, असा फरक आला तर दचकू नये. तो खरा आहे. खळबळीची ऊर्जा वायूत जिरते, धूळ तिला सामील होत नाही. सिलिकॉन मोनॉक्साइड, जो तबकडीत फक्त धक्क्याच्या जागी दिसतो, इथे पट्टाभर पसरलेला आहे, तो याच खळबळीमुळे. मात्र त्याच्या ८६.२४३ गिगाहर्ट्झच्या मेसर (लेसरसारख्या वर्धित) रेषा म्हाताऱ्या ताऱ्यांच्या; वायूसाठी ८६.८४७ ची घ्या.

अल्माचा डेटा घेताना

निरीक्षकांचा राखीव काळ, बहुधा एक वर्ष, संपला की अल्माचा डेटा खुला होतो. कच्चा डेटा शेकडो गिगाबाइटचा. फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फाइल-प्रकारातला तयार क्यूबच उतरवा. पण त्याआधी एक पाहा. १२ मीटरच्या अँटेना एकमेकींना १५ मीटरपेक्षा जवळ येऊ शकत नाहीत, त्यामुळे ११५ गिगाहर्ट्झला साधारण २० विकलांपेक्षा मोठी रचना त्यांना दिसतच नाही. २० विकला म्हणजे इथे एक पार्सेकही नाही, आणि ‘वीट’ म्हणून ओळखला जाणारा, लाखभर सूर्यांचा ढग कित्येक पार्सेकचा. दिसत नसलेला वायू नकाशात काळ्या, ऋण खळग्यांच्या रूपात उरतो. त्या क्यूबमधून काढलेले वस्तुमान कितीही कमी येऊ शकते, रेषांची गुणोत्तरेही बिघडतात, कारण पसरलेला वायू प्रत्येक रेणूत सारखा पसरलेला नसतो.

म्हणून ७ मीटरच्या अँटेनांचा आणि एकेकट्या अँटेनाने घेतलेल्या एकूण शक्तीचा डेटा जोडलेला असेल तोच क्यूब घ्या. जोडलेला नसेल तर कासा या प्रोग्रामच्या फेदर आज्ञेने स्वतः जोडा. जोडण्याआधी दोन्हींचा बीम, एकक आणि वेगाचा अक्ष एक करा. जोडल्यावर क्यूब एकूण-शक्तीच्या बीमपर्यंत धूसर करून मूळ एकूण-शक्तीच्या नकाशाशी ताडून पाहा. १० टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे. एकूण शक्तीचा डेटा मिळतच नसेल तर त्या क्यूबमधून ढगांतल्या दाट गाभ्यांच्या जागा आणि वेग घ्या, वस्तुमान घेऊ नका.